चेष्टा करील तो जागवील

सुदामा नगर, इंदूर
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय यशोधराताई यांस,
लक्ष्मीकांतचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. सणावाराला मी फोनवर शुभेच्छा पाठवतो, आपल्याकडून जोडलेले दोन हात येतात, मी उलट दोन हात पाठवतो. इतक्या हातांतून शब्द म्हणून एक निघत नाही. शिवाय काम मंडळाचं आहे, आणि कागदावर नसलेली गोष्ट आमचं मंडळ झालेली धरत नाही.

काम असं, की मालवा मराठी स्नेहमंडळाची जत्रा यंदा जानेवारीअखेरीस लालबागच्या मैदानावर भरते आहे. थालीपिठांचे स्टॉल, पैठण्यांचे स्टॉल आणि मधोमध मंच. मंचावर मुलांचं नाटुकलं हवं. सभेत कोणीतरी म्हणालं, की प्रसिद्ध बालसाहित्यिक यशोधराताई मूळच्या आपल्याच. वडिलांची रेल्वेची बदलीची नोकरी, म्हणून मामाकडे मिलच्या क्वार्टरमध्ये राहून शिकल्या. त्यांची मामी जी गोष्ट सांगायची तीच करू, झोपणाऱ्या राजकन्येची. हे म्हणणारा मीच होतो, आणि ती मामी म्हणजे माझीच आई.

गोष्ट आठवत असेलच. आई आपली वेणी घालायला बसली की सुरू व्हायची आणि गुंता सुटेपर्यंत चालायची. आपल्या केसांत गुंता फार, त्यामुळे गोष्टही वाढत गेली. राजकन्येच्या बारशाला सगळा दरबार तिची स्तुती करत बसतो. ऐकून ऐकून कोपऱ्यातल्या चेटकिणीला डुलकी लागते, कोणीतरी तिला कोपराने ढोसतं, आणि ती चिडून शाप देते, की ज्याने मला झोप आली त्यानेच हिलाही येवो. तेव्हापासून राजकन्येला कोणी छान म्हटलं, की ही पडलीच आडवी.

मंडळाने यात थोड्या सुधारणा केल्या आहेत. चेटकीण अंधश्रद्धा म्हणून काढली, तिच्या जागी एक रुसलेल्या पर्यावरणतज्ज्ञ बाई घातल्या. आईचा राजा वेंधळा होता, पण आमच्या अध्यक्षांचे, म्हणजे बाबूरावांचे, पणजोबा दरबारात कारकून होते. म्हणून राजा आता कर्तव्यदक्ष झाला असून मंचावर येऊन आपल्या कारभाराचा अहवाल देतो. राजकन्या झोपली तर मुलींपर्यंत चुकीचा संदेश जातो, तेव्हा ती झोपत नाही, ध्यान करते. आडवी पडून. राजपुत्र येता येता ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात टाकतो. इंदूरचा राजपुत्र आहे, एवढं त्याने केलंच पाहिजे.

दिग्दर्शन आमच्या सूनबाई अमिताकडे. ती राऊच्या कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते, त्यामुळे तालमीत अभिनय कमी आणि तक्ते जास्त. राजकन्या आमची नात शमिका, वय वर्षं आठ. राजपुत्र बाबूरावांचा नातू निशांत.

विनंती एवढीच, की सोबतच्या संहितेचं मराठी शुद्ध करून द्यावं. इथल्या हवेतच हिंदी आहे. बाबूराव म्हणाले, "भिया, एक बार पुण्याची मुहर लागली ना, मग कोई उंगली नाही उठवणार." आपल्यासारख्या व्यासंगी, प्रतिभासंपन्न, सरस्वतीचा वरदहस्त लाभलेल्या आणि मराठी बालमनावर अधिराज्य गाजवणाऱ्या लेखिकेचा परीसस्पर्श व्हावा ही सर्वांची इच्छा आहे. (हे वाक्य मंडळाच्या ठरावातलं.)

आपला नम्र,
लक्ष्मीकांत


पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय लक्ष्मीकांत,

पत्र पोचलं. ठरावातलं वाक्य वाचता वाचता माझे खुर्चीतच डोळे मिटले. आनंदाने, असं मंडळाला कळव.

पुरस्कार मिळाल्यापासून दर रविवारी कुठे ना कुठे सत्कार असतो. शालींनी कपाट भरलं, आता पलंगाखाली ठेवते. नारळांचं खोबरं किसून किसून स्मिता, आमच्या स्वयंपाकाच्या बाई, कंटाळल्या आणि त्यांनी एक सुट्टी वाढवून मागितली. प्रकाशक नव्या पुस्तकाची आठवण करून देतात, तीही इतक्या आदराने की त्यांना खरं सांगवत नाही. तुला सांगते. पुरस्कारानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. टेबलाशी बसते, लोक काय काय म्हणाले ते आठवतं आणि मान कलते. डॉक्टर म्हणाले, बी-बारा कमी आहे. रोज गोळी घेते. फरक नाही. आणि लिहिता येत नसेल तर मी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मला ठाऊक नाही.

मामीची गोष्ट आठवते, म्हणजे केस ओढले जायचे ते चांगलं आठवतं. गोष्ट जरा धूसर झाली आहे. पण शुद्धलेखनाला गोष्ट कळावी लागत नाही. संहिता तपासून पाठवते आहे. "राजकन्येला शिक्षा झाली" इथे शाप केलं आहे, नाहीतर तुमच्या पोरांना वाटेल मुलगी पदवीधर झाली. "राजकन्या खाली आहे" हे वाचून ती माडीखाली आहे की रिकामी आहे, ते मला कळलं नाही. दोन्ही असू शकेल. खोडलं.

सगळ्यात कळीची चूक शापातच आहे. "स्तुती करील तो झोपवील, चेष्टा करील तो जागवील." अरे, चेष्टा म्हणजे प्रयत्न, हा हिंदीतला अर्थ. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. राजकन्येची थट्टा करून ती जागी कशी होईल? "प्रयत्न करील तो जागवील" असं केलं आहे. इतकी वर्षं हिंदी मुलखात राहून तुमच्या कानांची सवयच गेली.

पूर्वी तू पत्राची सुरुवात ज्या शब्दाने करायचास, तो मी मैत्रिणींपासून लपवायचे. आता "आदरणीय". ठीक आहे. वय झालं की माणसं सुधारतात.

आपली,
यशोधरा


सुदामा नगर, इंदूर
९ डिसेंबर २०२४

आदरणीय यशोधराताई यांस,
सा. नमस्कार.

शुद्ध केलेली संहिता मिळाली. आपण चेष्टेचा प्रयत्न केलात ते फारच उत्तम. बाबूराव तर उभेच राहिले, म्हणाले, "बस, यही तो मैसेज है!" त्याच दिवशी बॅनर छापायला गेला.

तालमीत मात्र जरा अडचण येते आहे. शमिका आडवी पडते ती उठतच नाही. निशांत तिला हलवतो, थाळी वाजवतो, अमिता तक्ता दाखवून सांगते की आता या चौकोनात तू जागी झालीस. ही डोळे मिटूनच म्हणते, "ऐसे थोडी उठते राजकन्या!" तिला समजावलं, की पुण्याच्या आजींनी लिहिलं ते बरोबरच असणार, मोठ्या माणसांच्या चुका काढू नयेत.

मला स्वतःला आईची गोष्ट थोडी वेगळी आठवते. पण माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलात. मी विम्याच्या कचेरीतला माणूस, आपण साहित्यातल्या. प्रकृतीला जपावं. बी-बाराची गोळी जेवणानंतर घ्यावी असं ऐकतो.

आपला नम्र,
लक्ष्मीकांत


सुदामा नगर, इंदूर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय पुण्याची आजी,
नमस्ते. मी शमिका. मी राजकन्या आहे.

आजोबांना मालूम नाही की मी चिट्ठी लिहिते आहे. मम्मीला मालूम आहे, तिने पाकीट दिलं. आजी, सॉरी, पण तुम्ही वर्ड गलत करून टाकला. मी आजोबांना बोलली तर ते बोलले चुप, मोठ्यांना असं नाही बोलायचं. पण मग मी उठू कशी?

असली गोष्ट अशी आहे. आजोबा माझी चोटी घालतात तेव्हा सांगतात, मम्मी सकाळी जल्दी राऊला जाते ना. राजकन्या झोपून जाते. मग खूप सारे राजपुत्र येतात, कविता बोलतात, तुझे डोळे कमळासारखे, तुझं नाक चाफेकळी. ती आणखी जोरात घोरते. मग एक राजपुत्र येतो, त्याने उलटे जोडे घातलेले असतात, तो रास्ताच भटकलेला असतो. तो तिला बघून हसतो. तो बोलतो, "अगं ए गुंतावळ! तोंड मिट, माशी आत जाईल!" आणि राजकन्या झट्कन उठते आणि बोलते, "तुझ्याच मिशीत जाईल!" मग शादी होते. पण राजकन्येची एक शर्त असते, रोज सकाळी एक चेष्टा, खाली पेट. आजोबा बोलतात उपाशीपोटी.

तर चेष्टा म्हणजे ती वाली चेष्टा. कोशिश वाली नाही. हे तर मराठीच आहे ना आजी?

आजोबा बोलतात ती राजकन्या तुम्हीच आहे. पणजी तुमचे केस विंचरायची तेव्हा जे केस निघायचे त्यांना गुंतावळ बोलतात, म्हणून तुमचं नाव गुंतावळ. मी पूछलं, मग तुम्ही आता त्यांना ताई का बोलता, तुम्ही तर मोठे आहात. तर बोलले, मान सीधी ठेव. पण मला मालूम आहे. तुमच्या अवॉर्डच्या फंक्शनमध्ये आजोबा खालून ओरडले होते, "गुंतावळे, शालीत नाक तेवढं दिसतंय गं!" तर शंतनु काका त्यांना बाजूला घेऊन बोलले, "मामा, आईची आता एक पोझिशन आहे." घरी येऊन आजोबा आजीला सांगत होते. मी झोपली नव्हती, नाटक करत होती.

प्लीज वर्ड ठीक करून द्या. नाही तर मी पडूनच राहीन.

तुमची,
शमिका


पुणे
२७ डिसेंबर २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. आठ वर्षांची मुलगी मला शब्द शिकवते! मग मी पत्र पुन्हा वाचलं, आणि "तुझ्याच मिशीत" पाशी आल्यावर एकदम मामीचा कंगवा टाळूला लागल्यासारखं झालं. सगळी गोष्ट आठवली. उलट्या जोड्यांसकट.

शंतनुला विचारलं. तो म्हणाला, "हो, म्हणालो होतो मामाला. तुझ्यासाठीच." पोरगा चांगला आहे, पण त्याला आई नको, पुतळा हवा आहे. मग त्या दिवसाचे फोटो काढून बसले. प्रत्येक फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले. एकाच फोटोत तोंड उघडं टाकून हसते आहे, सगळे दात दिसताहेत. तो शंतनुने अल्बममध्ये लावला नव्हता, मागे खुपसला होता. तो क्षण कुठला, ते आता कळलं.

आणि मी काय समजत होते, ठाऊक आहे? तुझे आजोबा माझ्यावर जळायला लागले, म्हणून टोमणा मारल्यासारखं "ताई, ताई" करतात! दोन वर्षं मी ते मनात धरून होते.

चूक माझीच आहे, बाळ. मी शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला आणि गोष्ट चुकवली. मंडळाला आजच कळवते आहे, की चेष्टा होती तिथे परत ठेवा.

एवढ्यात हे पत्र आजोबांना दाखवू नकोस. त्यांना काय लिहावं ते सुचत नाही. माझी थट्टा कर, असं कसं मागायचं? मागून मिळालेली चेष्टा म्हणजे आणखी एक सत्कारच.

तुझी,
पुण्याची आजी


मालवा मराठी स्नेहमंडळ, इंदूर
८ जानेवारी २०२५

परमादरणीय यशोधराताई यांस,

आपले पत्र कार्यकारिणीत वाचण्यात आले. "माझी चूक झाली" हे आपले शब्द ऐकून उपस्थितांचे डोळे पाणावले. एवढ्या उंचीवर पोचूनही एवढी विनम्रता! आपल्या विनम्रतेच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

तथापि बॅनर, टोप्या व पाण्याच्या बाटल्यांवर "प्रयत्न करील तो जागवील" छापून झाले असल्याने बदल करणे शक्य नाही, याबद्दल दिलगीर आहोत. शिवाय थोरांची चूकही मार्गदर्शक असते, असे मा. अध्यक्षांचे मत पडले. आपली चूक मंडळ जपून ठेवील.

आपला विनीत,
स्वानंद, सचिव


सुदामा नगर, इंदूर
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय यशोधराताई यांस,
सा. नमस्कार.

नाटुकलं झालं. वृत्तान्त कळवणं माझं कर्तव्य आहे, म्हणून कळवतो.

प्रमुख पाहुणे भोपाळहून यायचे होते, ते उशिरा आले. तोवर पडदा उघडून बसला होता आणि शमिका पलंगावर ध्यानाला पडलेली. पाहुण्यांनी बाबूरावांची स्तुती केली, बाबूरावांनी पाहुण्यांची केली, आणि मग दोघांनी मिळून राजकन्येची. "कैसी प्यारी बिटिया है! कैसी प्रतिभा!" प्रत्येक वाक्याला शमिका घोरायची. तिच्या कॉलरला माइक लावलेला, त्यामुळे घोरणं पैठणीच्या स्टॉलपर्यंत ऐकू जात होतं. लोक हसत होते. पाहुण्यांना वाटलं, आपलं भाषण रंगतं आहे, म्हणून त्यांनी ते वाढवलं.

मग राजाने अहवाल वाचला. मग निशांत आला, ओला-सुका कचरा टाकून त्याने टाळ्या घेतल्या आणि प्रयत्न सुरू केला. हलवलं, थाळी वाजवली, घड्याळाचा गजर लावला. शेवटी अमिताने कचरागाडीचं गाणं लावलं. सकाळी ज्या गाण्याने सगळं इंदूर बादल्या घेऊन दारात येतं, त्यानेही ही उठली नाही. माइकमधून फक्त एक कुजबूज आली, "चेष्टा कर ना, भिया!"

निशांत रडकुंडीला आला. म्हणाला, "कब से चेष्टा ही तो कर रहा हूँ!"

सगळं मैदान हसायला लागलं. विंगेत अमिता तक्ता हलवत होती. बाबूराव घाईघाईने मंचावर चढले आणि लाडाने म्हणाले, "बेटा, बहोत अच्छा काम केलंस, शाब्बास, आता उठ." झालं! शाब्बास म्हणताच ही कुशीवर वळली आणि दुप्पट घोरायला लागली. अमिताचं तोंड एवढंसं झालं. पोरीला उद्या शाळेत काय काय ऐकावं लागेल, ते मला दिसायला लागलं.

मी पहिल्या रांगेत, छातीला बिल्ला लावून बसलो होतो. मंडळाने छापलेला आपला शब्द मोडायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण आईची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत मरत होती, आणि ती जगवायला शमिका तिथे एकटीच आडवी पडली होती. मला राहवलं नाही. मी उठलो आणि गळा फाडून ओरडलो, "अगं ए गुंतावळ! तोंड मिट, लालबागच्या सगळ्या माश्या आत चालल्यात!"

शमिका ताडकन उठून बसली. "तुमच्याच मिशीत जातील, आजोबा!"

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही, इतक्या टाळ्या. बॅनरवर "प्रयत्न करील तो जागवील" तसंच लटकत होतं. प्रमुख पाहुण्यांचा अवमान केला म्हणून मंडळाने मला वर्षभर सभांना येण्यास मनाई केली आहे. म्हणजे शिक्षा दिली. मराठीतली.

एवढं लिहून होतंय तोवर शमिकाने तिला आलेलं आपलं पत्र माझ्या हातात ठेवलं. ते वाचल्यावर वरचा मायना फाडून टाकावासा वाटला, पण कागद चांगला आहे. म्हणून इथून नवीन पत्र सुरू करतो.

गुंतावळे,

जळतो मी तुझ्यावर? कशावर जळू, पलंगाखालच्या शालींवर? बी-बारा कमी आहे म्हणे! तुला कमी काहीच नाही, शाली जास्त झाल्यात. प्रकाशकाला सरळ कळव, की बाई लिहिणार नाहीत, दारात नारळाची गाडी लावणार आहेत.

आणि काय ते वाक्य, "राजकन्येची थट्टा करून ती जागी कशी होईल?" अगं, तुझ्याच डोक्यातून निघालेली गोष्ट, कंगव्याने ओढून काढलेली, आणि ती तुलाच ओळखू आली नाही! वर आम्हाला सांगते की कानांची सवय गेली. दिलेला एक शब्द धड ठेवता आला नाही, आणि म्हणे साहित्यिक. मला तर शंका आहे, पुरस्कार त्यांनी तुझ्या नाकालाच दिला असावा. शालीतून बाहेर तेवढंच होतं.

मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे. यापुढे तुला ताई म्हणणार नाही. म्हणताना प्रत्येक वेळी जीभ अडायची, यशे, आणि तुझी फार आठवण यायची.

तुझा,
लख्या


पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

लख्या, माकडा,

तुझ्याच मिशीत!

पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने ओरडले, की शंतनु आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "माझा भयंकर अपमान झालाय, चहा टाक." स्मिताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना म्हटलं, हसा, आता किसायला नारळ यायचे नाहीत.

नारळाची गाडी काय? नाकाला पुरस्कार काय? तुला असं झणझणीत उत्तर द्यायचं म्हणून तरातरा टेबलाशी जाऊन बसले. पहिल्या ओळीत तुझ्या मिशीत एक माशी बसवली. दुसऱ्या ओळीत तिने तिथे बिऱ्हाड केलं. मग तिची पोरंबाळं आली, त्यांची शाळा आली, मिशीच्या उजव्या टोकाला बाजार भरायला लागला, आणि मिशीवाल्याला शिंक येणार अशी आवई उठून सगळ्यांची पळापळ झाली. स्मिताबाई जेवायला हाक मारत राहिल्या आणि मला ऐकू आलं नाही. उत्तर काही झालंच नाही, मेल्या, गोष्ट झाली. पुरस्कारानंतरची पहिली. लिहून संपल्यावर मी थोडी रडले, तेही कळवून टाकते.

सोबत पाठवते आहे. शमिकाची वेणी घालताना वाचून दाखव. तिला काही बदलावंसं वाटलं तर बदलू दे, हिंदीतून बदललं तरी चालेल. वाचून कोणी "छान" म्हणायचं नाही. खबरदार.

रविवारचा सत्कार मी रद्द केला. तब्येत उत्तम असल्यामुळे येऊ शकत नाही, असं कळवलं. त्यांनी माझ्या साधेपणाचं अभिनंदन करणारं पत्र पाठवलं आहे, ते स्मिताबाईंनी डब्याखाली घातलं.

अट तुला ठाऊक आहे. रोज एक चेष्टा, उपाशीपोटी. पण आमच्याकडे टपाल दुपारी येतं, आणि तोवर मला भूक आवरत नाही. तेव्हा रोज सकाळी फोनवर पाठवत जा. आणि त्यात जोडलेले हात दिसले, तर याद राख.

तुझी,
गुंतावळ